लायपोसक्शननंतरची पहिली रात्र कुठं काढणार?

शहाद्याच्या एका ताईंनी विचारलंय. वय ३४, वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, दोन सिझेरियन झालेली. सुरतच्या एका क्लिनिकनं पोट, कंबर आणि मांड्या अशा तिन्ही जागांची चरबी एकाच दिवशी काढून द्यायचं पॅकेज दिलंय. सकाळी भरती, संध्याकाळी सुट्टी. मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आराम करायचा आणि मे अखेरीस धाकट्या दिराच्या लग्नात उभं राहायचं, असा बेत आहे. गजकर्णासाठी गोळ्या चालू आहेत, आणि ऑपरेशनच्या वेळी अडचण नको म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्याही घेणार आहेत. प्रश्न असा की हे सुरक्षित आहे का, आणि काही गंभीर होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी.

मी भूलतज्ज्ञ आहे. धुळ्यात बरीच वर्षं प्लास्टिक सर्जनबरोबर काम करते आहे. चरबी काढणारा हात माझा नसतो, पण त्या वेळात आणि त्यानंतर पेशंटचा श्वास, रक्तदाब, लघवी, शुद्ध यांवर लक्ष ठेवायचं काम माझं असतं. त्यामुळे उत्तर त्या बाजूनं देते.

ताई, तुम्ही ऑपरेशनबद्दल विचारलंय, पण तुमच्या बेतातली मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे: 'संध्याकाळी सुट्टी'. या ऑपरेशनचे जे जिवावर बेतणारे त्रास आहेत, त्यातले बरेचसे टेबलावर दिसत नाहीत. ते त्याच रात्री, किंवा पुढच्या तीन दिवसांत, किंवा आठवडा-दीड आठवड्यात डोकं वर काढतात. म्हणून सर्जन कोण हे बघालच, पण पहिली रात्र कुठं आणि कुणाच्या नजरेखाली काढायची, हे त्याच्याइतकंच आधी ठरवायला हवं.

'सुरक्षित आहे का' याचं हो-नाहीत उत्तर मी देणार नाही. किती लिटर काढणार, किती जागा, तुमचे रिपोर्ट काय सांगतात, भूल कोण देणार, यावर ते ठरतं. हनुवटीखालची किंवा नुसती कंबरेची थोडी चरबी असेल, जागा बधिर करून काम होणार असेल आणि घर दवाखान्यापासून अर्ध्या तासावर असेल, तर त्याच संध्याकाळी घरी जायला माझी हरकत नसते. तुमचं तसं नाही. तीन मोठ्या जागा, आणि घर चार तासांच्या रस्त्यावर.

धोका किती, याचा एक आकडा सांगते. तो जुना आणि अमेरिकेतला आहे. २००० साली तिथल्या सर्जनांच्या पाहणीत जवळजवळ पाच लाख लायपोसक्शनमागे ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे लाखामागे साधारण १९. पद्धत त्यानंतर सुधारली. पण त्या मृत्यूंची कारणं आजही तीच आहेत, म्हणून तो आकडा माझ्या लक्षात राहतो. सगळ्यांत मोठा वाटा, जवळपास चौथा हिस्सा, फुफ्फुसात जाऊन अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचा होता. त्याखालोखाल पोटात नळी घुसणं, भुलीचे प्रश्न, जंतुसंसर्ग.

आता पहिल्या रात्रीचं. चरबी नुसती खेचून काढत नाहीत. आधी त्या थरात भरपूर द्रव भरतात: सलाईन, त्यात लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना टोचतात तेच बधिरीचं औषध, आणि रक्तवाहिन्या आकसायला अॅड्रेनॅलिन. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं १९८०च्या दशकात ही पद्धत आणली आणि त्यामुळे रक्तस्राव खूप कमी झाला. आधीच्या काळात रक्त चढवावं लागायचं, आता सहसा लागत नाही. पण लिग्नोकेन मोजून द्यावं लागतं. शरीराच्या दर किलोमागे ३५ मिलिग्रॅम ही बहुतेक सर्जन पाळतात ती मर्यादा. काही संघटना ५५ पर्यंत चालतं म्हणतात, मी ३५च्या पुढे जाऊ देत नाही.

तुमच्या ७४ किलोला ही मर्यादा २५९० मिलिग्रॅम होते. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनच्या ३० मिलीच्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम असतात. दर लिटर सलाईनमध्ये अशी एक बाटली घातली, तर चार लिटरला २४०० झाले, म्हणजे मर्यादेला टेकलो. पोट, कंबर, दोन्ही मांड्या एवढ्या जागेला चार लिटर सहज लागतात, जास्तही लागतात. मग द्रव पातळ करावा लागतो किंवा एखादी जागा सोडावी लागते. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर प्रत्येक बाटली फोडताना मोठ्यानं 'तिसरी', 'चौथी' असं म्हणते आणि भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर रेघ मारते. रिकाम्या बाटल्या ट्रेमध्येच राहतात, शेवटी मी त्या मोजते. रेघा आणि बाटल्या जुळल्याशिवाय पेशंट हलत नाही.

आणि हे औषध ताबडतोब रक्तात येत नाही. चरबीत साठून हळूहळू झिरपतं. रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण १२ तासांनी, कधी आधी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे सकाळी दहाला टोचलेल्या औषधाचा जोर रात्री दहाच्या पुढेमागे. तुमच्या बेताप्रमाणे तेव्हा तुम्ही एकतर नवापूर-सोनगडच्या रस्त्यावर गाडीत असाल, नाहीतर घरी गुंगीत झोपलेल्या. औषध जास्त झालं तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानात आवाज घुमतो, बोलणं जड होतं. पुढं झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. सुरुवातीची लक्षणं घरच्यांना 'भुलीची गुंगी आहे' अशीच वाटतात. दवाखान्यात असाल तर सिस्टरला कळतं, आणि त्यावर उताराही आहे: २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे दुधासारखं दिसणारं स्निग्ध द्रव, शिरेतून देतात. ते क्लिनिकच्या कपाटात आहे का, हे जरूर विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

तुमच्या गजकर्णाच्या गोळ्या मी म्हणूनच गंभीरपणे घेतल्या. त्या इट्राकोनॅझोलच्या असतील, तर यकृतात लिग्नोकेन मोडण्याच्या कामात त्या अडथळा आणतात. म्हणजे मोजून दिलेलं औषधसुद्धा रक्तात जास्त साठू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी काही अँटिबायोटिक्सही हेच करतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. त्वचेच्या डॉक्टरांना विचारून कोर्स पूर्ण करा आणि इट्राकोनॅझोल असेल तर तिचा अंश शरीरातून जायला दोन-तीन आठवडे मधे जाऊ द्या. मेडिकलवरून परस्पर आणलेलं काहीही असो, आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, मच्छीतेल, दुखण्याच्या गोळ्या, सगळं एका कागदावर लिहून भूलतज्ज्ञाला द्या. वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि उपाशी असूनही भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

रात्रीचा दुसरा प्रश्न पाण्याचा. भरलेल्या द्रवातला मोठा भाग चरबीबरोबर बाहेर येत नाही. तो आतच राहतो आणि पुढच्या काही तासांत रक्तात ओढला जातो. हे लक्षात न घेता वरून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या, तर फुफ्फुसात पाणी साचतं. उलट द्रव कमी पडला तर रक्तदाब पडतो. दोन्हींमधली वाट लघवी मोजून कळते. तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे तुम्हाला तासाला ३५-४० मिली लघवी व्हायला हवी. गाडीच्या मागच्या सीटवर हे कोण मोजणार? चरबी आणि द्रव मिळून पाच लिटरच्या वर काढलं तर रात्रभर दवाखान्यात ठेवायचं, हा सगळीकडे मानला जाणारा नियम आहे. गाव दूर असेल आणि एकापेक्षा जास्त जागा असतील तर पाच लिटरपेक्षा कमी काढलं तरी मी रात्रभर ठेवते.

भुलीबद्दल एकच आग्रह. भूलतज्ज्ञ तुम्हाला आधी तपासणार का, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच खोलीत थांबणार का, हे विचारा. 'थोडं झोपेचं इंजेक्शन देऊ, भूल नाही' या वाक्यानं निश्चिंत होऊ नका. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटचा श्वास यंत्राच्या ताब्यात असतो, कुणीतरी बघत असतं. गाढ झोपवलेला, पण श्वासावर कुणाचंच लक्ष नसलेला पेशंट मला जास्त धोक्यात वाटतो. तीच गोष्ट सर्जनची: एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का, हे बघा. नोंदणी राज्याच्या मेडिकल काउन्सिलकडे तपासता येते. आणि तिथं आयसीयू नसेल, तर गरज पडली तर कोणत्या हॉस्पिटलात नेणार, हे नावानिशी सांगायला लावा.

आधीच्या तपासण्यांत नेहमीचं सगळं होईलच: हिमोग्लोबिन, शुगर, ईसीजी, रक्त गोठण्याच्या चाचण्या. दोन गोष्टी मी वाढवीन. तुमची दोन सिझेरियन झालीत. टाक्यांच्या जागी किंवा बेंबीशी हर्निया असेल तर आतडं कातडीखाली आलेलं असतं आणि चरबीची नळी सरळ त्यात जाऊ शकते. तेव्हा सर्जननं तुम्हाला उभं करून, खोकायला लावून पोट तपासायला हवं, आणि शंका असेल तर पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे. भिल्ल, पावरा समाजात जास्त, पण तेवढ्यापुरता नाही. सुरतच्या पॅकेजच्या यादीत ही चाचणी असेलच असं नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची खात्रीची करतात. वाहक निघालात म्हणून ऑपरेशन बाद होत नाही, पण मला ते आधी माहीत असावं लागतं. एसी ओटीत उघड्या अंगात लिटरच्या लिटर गार द्रव गेला की अंग थंड पडतं, आणि थंडी, पाण्याची तूट, ऑक्सिजनची तूट या तिन्हींनी सिकलच्या पेशी अडकतात. खरं तर द्रव कोमट करून भरणं आणि अंगावर गरम हवेचं पांघरूण घालणं सगळ्यांसाठीच हवं. अंग थंड पडलं की रक्तही जास्त जातं.

तंबाखूचं तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगते, कारण आपल्याकडे बायका मिसरीला तंबाखूत धरत नाहीत. मिसरी, गुटखा, तंबाखू, सगळ्यांत निकोटिन आहे आणि त्यानं कातडीचा रक्तपुरवठा आकसतो. निदान चार आठवडे आधी आणि चार नंतर बंद.

इथवरचं सगळं एकत्र केलं तर माझा सल्ला असा होतो: तिन्ही जागा एकदम नकोत. आधी पोट आणि कंबर, मांड्या तीन-चार महिन्यांनी. पहिली रात्र दवाखान्यात. त्यानंतर दोन-तीन दिवस सुरतमध्येच नातेवाइकांकडे किंवा लॉजवर, आणि सर्जननं पुन्हा बघितल्यावरच प्रवास. खर्च वाढेल, हे मला कळतं. पण पॅकेज स्वस्त होतं ते बहुतेकदा ही रात्रच वगळून.

आता रक्ताच्या गुठळीकडे येते. पायाच्या खोल शिरेत गुठळी होते, सुटते आणि फुफ्फुसात जाते. तुमच्या बेतात ती व्हायला पोषक गोष्टी एकावर एक आल्यात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३०च्या जवळ, लांब ऑपरेशन, लगेच चार तास पाय दुमडून प्रवास, एप्रिलचा खान्देशातला उन्हाळा आणि वरून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. लग्नात, पूजेत या गोळ्या आपण बिनधास्त घेतो, पण त्यातल्या नोरएथिस्टेरॉन या हार्मोनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवतं. पाळी आली तर येऊ द्या, ऑपरेशनला तिची अडचण नसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर चार आठवडे आधी बंद करायच्या आणि तोवर दुसरं साधन वापरायचं.

टेबलावर आम्ही पोटऱ्यांना दाबून सोडणारे पंपाचे मोजे घालतो. धोका जास्त असेल तर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन काही दिवस देतो, ते सर्जन आणि आम्ही मिळून ठरवतो, कारण रक्तस्रावाचाही विचार असतो. पण सगळ्यांत मोठं काम तुमचं. त्याच संध्याकाळी आधार घेऊन उठायचं, संडासपर्यंत चालायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून जागेपणी दर तासाला घरात दोन फेऱ्या.

इथं मला तुमच्या माहेरची काळजी वाटते. आखाजीला आलेल्या लेकीला आई पलंगावरून पाय खाली ठेवू देत नाही. पाणीसुद्धा हातात. बाळंतिणीसारखा शेक, तेल, सगळं प्रेमानं होणार. ताई, हे आईला आधीच समजावून सांगा. पडून राहणं या ऑपरेशननंतर घातक आहे. आणि शेक तर बिलकुल नको. चरबी काढलेल्या जागेची कातडी काही आठवडे, कधी काही महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक किती गरम आहे, हे तुम्हाला कळणारच नाही आणि कातडी भाजेल. अशी भाजलेली जखम भरायला फार वेळ लागतो.

दाबाचा पट्टा चार ते सहा आठवडे घालावा लागतो, आणि ४२-४३ अंशांत तो नकोसा होतो. कुलर असलेल्या खोलीत राहा, तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक पीत राहा. पट्ट्याला जांघेत किंवा गुडघ्यामागे घडी पडली तर लगेच सरळ करा. ती घडी शीर दाबते. पहिल्यांदा पट्टा काढून आंघोळ करताना एकट्या न्हाणीत जाऊ नका. दाब सुटला की रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. स्टुलावर बसून, दाराला कडी न लावता, कुणीतरी शेजारी असताना.

पहिल्या रात्री छिद्रांतून गुलाबीसर पाणी गळतं, चादर भिजते. घरचे घाबरतात, पण ते आपलंच भरलेलं पाणी असतं, गळू द्यावं. घट्ट लाल रक्त वाहत असेल तर मात्र ते वेगळं. तसंच सूज, काळेनिळे डाग, जड दुखणं, हे ठरलेलं आहे आणि रोज थोडं कमी होत जातं. मी पेशंटना सांगते, दुखणं दिवसागणिक उतरतंय की चढतंय, एवढं बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगून कडक झालं, गोळीनं दुखणं हटेना, उलट्या, ताप, नाडी जोरात, तर आतड्याला भोक पडलंय का, हे तासाभरात बघावं लागतं. एखादा भाग दिसायला थोडासाच लाल आहे पण दुखणं सहन न होणारं आहे, कातडी जांभळट होतेय, फोड येतायत, तर तो झपाट्यानं पसरणारा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं. पहिल्या तीन दिवसांत धाप, बडबड किंवा गोंधळ, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके, ही चरबीचे कण रक्तात गेल्याची लक्षणं. एकाच पोटरीला सूज आणि ठणका, अचानक धाप, छातीत दुखणं, ही गुठळीची. कोरोनात घेतलेलं पल्स ऑक्सिमीटर बहुतेक घरांत पडून आहे, नवीन सेल घालून जवळ ठेवा. ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली उतरला तर बोट पुसून, नेलपॉलिश काढून पुन्हा बघा. तरी कमीच असेल तर '१०८'. 'काही व्हत नही, सकाळी बघू' म्हणणारं कुणी असेल, तर त्याचं त्या रात्री ऐकू नका.

त्या रात्री शहाद्यात किंवा नंदुरबारला ड्युटीवर असलेला डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदाच बघत असेल. त्याला मदत होईल असा कागद सुट्टी घेतानाच मागून घ्या: किती लिटर द्रव भरला, लिग्नोकेन एकूण किती मिलिग्रॅम, किती लिटर काढलं, शिरेतून किती सलाईन गेलं, आणि सर्जनचा रात्री उचलला जाणारा नंबर. नुसतं 'प्रोसिजर व्यवस्थित झाली' लिहिलेलं कार्ड अशा वेळी उपयोगाचं नाही.

लग्नाचं म्हणाल तर आखाजी आणि मे अखेर यांच्यात जेमतेम महिनाभर असतो. तेव्हा सूज पूर्ण उतरलेली नसते, पट्टा अंगावर असतो आणि शालू नीट बसत नाही. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. वजनही यानं फारसं उतरत नाही. चरबी काढतात ती कातडीखालची, आतड्यांभोवतीची तशीच राहते. माझं ऐकाल तर लग्न आधी पार पाडा आणि ऑपरेशन पावसाळ्यानंतर, थंडीत ठेवा. तोवर गजकर्णाचा कोर्स संपेल, तपासण्या निवांत होतील, पट्टाही सुसह्य होईल.

शेवटचं एक, जे बहुतेकांना कुणी सांगत नाही. टाके वाळून महिना-दोन महिने झाले, सगळं विसरायला झालं, आणि मग छिद्रापाशी एखादी गाठ येते, पाणी येतं, बरी होते, परत येते. नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले पण क्षयरोग न करणारे काही जंतू नळाच्या पाण्यात असतात. पोकळ नळी आतून नीट घासली नाही, नुसती औषधाच्या पाण्यात बुडवून पुढच्या पेशंटला वापरली, की ते आत जातात. म्हणून नळ्या ऑटोक्लेव्ह करता का, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता का, हेही आधी विचारायचं. आणि अशी गाठ आलीच, तर गावात चिरा मारून मलमपट्टी करत बसू नका. पू प्रयोगशाळेत पाठवा आणि चिठ्ठीवर 'लायपोसक्शन झालेलं आहे, एएफबी कल्चरही लावावं' असं डॉक्टरांना लिहायला सांगा; एएफबी कल्चर ही याच कुळातले जंतू शोधायची तपासणी. उपचार आहेत, काही महिने चालतात, पण जंतू ओळखल्याशिवाय सुरू करता येत नाहीत.